पिशवी धुतली म्हणून कूस संपत नाही

आषाढ लागला की मावळातल्या बाया दिवस उजाडताच खाचरात उतरतात. डोक्यावर इरले नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, हातात तरव्याची मूठ, पाय पोटरीपर्यंत चिखलात. आंदर मावळात जा, नाणे मावळात जा की पवन मावळात, आवणीच्या त्या पंधरा-वीस दिवसांत घरी सापडायची ती म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे. लोणावळ्याच्या अंगाने पाऊस असा कोसळतो की पलीकडच्या बांधावरचे माणूस दिसू नये. अशाच एखाद्या दुपारी घरातली नवी सून कंबर धरून बांधावर बसते. तिला तिसरा महिना लागलेला असतो. जाऊबाईच्या कानाशी लागून ती सांगते, अंगावर लाल दिसले. मग धावपळ सुरू होते. गावात गाडी असली तर ठीक, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून कामशेतपर्यंत. तिथून पुढे तळेगाव. सोनोग्राफी होते, डॉक्टर मान हलवतात, आणि रात्री 'पिशवी धुवून' तिला घरी आणतात.

पुढचे आठ दिवस तिच्याशी कोणी फारसे बोलत नाही. मग नळावर एक बाई म्हणते, "क्युरेटिंग केले ना? मग आता कठीणच." आणि दुसरी म्हणते, "उलट बरे झाले. पिशवी साफ झाली. आता पटकन राहील."

वाचक भगिनींनो, ही दोन्ही वाक्ये तुम्ही ऐकलेली असतील, कदाचित स्वतः बोललाही असाल. दोन्ही चुकीची आहेत. पहिल्या वाक्याने एखादीचा संसार मोडतो. दुसऱ्याने एखादीची पिशवी विनाकारण पुन्हा पुन्हा खरवडली जाते. म्हणून आज या विषयावर सरळ बोलू. हे पान घरातल्या कारभाऱ्यांनी आणि सासूबाईंनीही वाचावे, नव्हे, त्यांनी आधी वाचावे.

आधी ही क्रिया म्हणजे काय ते पाहू. गर्भाशय म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती, साधारण पेरूएवढी. तिच्या आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते, आणि गर्भ राहिला नाही की गळून जाते. ती पाळी. गर्भ राहून तो पडला, आणि त्याचा काही भाग आत अडकला, तर रक्त थांबत नाही आणि आत जंतू धरण्याची भीती असते. अशा वेळी थोडी भूल देऊन पिशवीचे तोंड किंचित रुंद करतात आणि आतला भाग काढतात. पोटावर कुठेही काप नाही, टाका नाही. पाच-दहा मिनिटांचे काम. बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येते. हीच क्रिया पाळीत अतोनात रक्त जाण्याचे कारण शोधण्यासाठी, किंवा अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवण्यासाठीही करतात.

काढण्याच्या रीती मात्र दोन आहेत, आणि हा फरक प्रत्येक घराला माहीत असायला हवा. जुनी रीत म्हणजे लोखंडी चमच्यासारख्या धारदार हत्याराने आतून खरवडणे. नवी रीत म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीने आणि पिचकारीसारख्या साधनाने, किंवा यंत्राने, आतला भाग ओढून घेणे. जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे, की धारदार हत्याराने खरवडण्याची पद्धत सोडून द्यावी आणि ओढून घेण्याची पद्धत वापरावी. पहिल्या तीन महिन्यांत कधी कधी नुसत्या गोळ्यांनीही काम भागते; पण त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या, औषधाच्या दुकानातून परस्पर आणून नव्हे. तेव्हा डॉक्टरांना विचारायला लाजू नका: "डॉक्टर, खरवडून काढणार की ओढून?" विचारण्यात उद्धटपणा काही नाही. बियाणे घेताना आपण पिशवीवरची तारीख वाचतोच की.

अस्तराचे कसे असते, ते शेतकऱ्याच्या बाईला एका वाक्यात कळेल. बांधावरचे गवत विळ्याने कापले तर महिन्यात पुन्हा फुटते. कुदळीने मुळासकट खरवडले तर ती जागा बोडकी राहते. पिशवीच्या अस्तराचा वरचा थर दर महिन्याला जातो आणि नवा येतो. खालचा थर मुळासारखा. हलक्या हाताने काम झाले, आणि एकदाच झाले, तर मुळाला धक्का लागत नाही. जोराने किंवा वरचेवर खरवडले, किंवा नंतर आत जंतू धरले, तर तो थर दुखावतो आणि पिशवीच्या समोरासमोरच्या भिंती मधूनमधून एकमेकींना चिकटतात. जर्मनीतील फ्रित्श या डॉक्टरांनी १८९४ साली हे पहिल्यांदा लिहून ठेवले, आणि इस्राएलच्या अ‍ॅशरमन यांनी १९४८ साली त्याचा नीट अभ्यास मांडला. म्हणून या दुखण्याला डॉक्टर लोक आजही अ‍ॅशरमनच्याच नावाने ओळखतात.

हे वाचून घाबरू नका. गर्भ पडल्यानंतर ज्या बायकांची पुढे दुर्बिणीने तपासणी झाली, त्यांचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१४ साली हिशेब मांडला गेला. दर पाच बायकांत साधारण एकीला असे चिकटलेले आढळले, आणि त्यातही निम्म्याहून अधिक जणींचे अगदी किरकोळ होते. ज्यांचे दोन-तीन वेळा क्युरेटिंग झालेले, त्यांच्यात प्रमाण जास्त.

आता मुख्य प्रश्न. पुढे मूल होते का? इंग्लंडमध्ये एक मोठी पाहणी झाली. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडलेल्या बायकांचे तीन गट होते. एका गटात नुसती वाट पाहिली, दुसऱ्याला गोळ्या दिल्या, तिसऱ्याची पिशवी ओढून घेण्याच्या पद्धतीने रिकामी केली. पाच वर्षांनी त्यांच्या घरी जिवंत मूल जन्मले का हे पाहिले. पहिल्या गटात शंभरात ७९, दुसऱ्यात ७९, आणि पिशवी रिकामी केलेल्यांत ८२. हे आकडे २००९ साली छापून आले. म्हणजे ज्यांची 'पिशवी धुतली' त्या मागे राहिल्या नाहीत. हा आकडा नळावरच्या बाईला जरूर सांगा.

आणि ठपक्याचे काय? 'आवणीला वाकली म्हणून पडले', 'पपई खाल्ली म्हणून पडले', 'माहेरी गाडीत बसून गेली म्हणून पडले'. दिवस राहिल्याचे कळल्यानंतर दर शंभर गर्भांत पंधराएक गर्भ आपोआप पडतात, शहरात काय आणि खेड्यात काय. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत बीजातच दोष असतो. तरव्यातली काही रोपे कितीही जपली तरी धरत नाहीत, तसेच हे. गरोदर बाईने डोक्यावर जड ओझी घेऊ नयेत, दिवसभर उपाशीपोटी चिखलात उभे राहू नये, हे बरोबरच आहे, आणि ते पाहणे घरच्यांचे काम आहे. पण गर्भ पडल्यावर तिलाच गुन्हेगार ठरवणे हा अन्याय आहे. ती आधीच रडून बसलेली असते.

क्युरेटिंगनंतर घरी काय पाहायचे? पाच-सात दिवस, कधी दोन आठवडे, थोडेथोडे लाल जाते. पाळीसारखे पोट दुखते. एवढे नेहमीचे. पण तासाला दोन घड्या भिजू लागल्या आणि तसे दोन तास चालले, ताप आला, थंडी वाजली, अंगावरून घाण वासाचे जाऊ लागले, ओटीपोटात कळ थांबेना, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री १०८ ला फोन करा. आत जंतू धरले आणि अंगावर काढले, तर गर्भनलिका बंद होऊ शकतात. मूल न होण्याचे खरे कारण पुष्कळदा तिथे असते, आणि नाव मात्र क्युरेटिंगचे होते.

इथे मावळातली एक खास अडचण सांगावीशी वाटते. आपल्याकडे चार महिने ऊन नसते. पाळीची फडकी बाया लाजेने दाराआड, खाटेखाली वाळत घालतात, आणि ती तीन दिवस ओलीच राहतात. तसली दमट फडकी क्युरेटिंगनंतर मुळीच वापरू नयेत. त्या पंधरा दिवसांपुरत्या दुकानातल्या घड्या आणा. तो खर्च घरच्या पुरुषाने न सांगता करावा. लाल जाणे पूर्ण थांबेपर्यंत नवरा-बायकोने वेगळे राहावे, हेही त्यालाच सांगणे आहे.

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत परत येते. मात्र लक्षात ठेवा, बीज त्याआधीच, दोन आठवड्यांतही तयार होऊ शकते. म्हणजे मधली पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात. दोन महिने पाळी आली नाही तर आधी लघवीची तपासणी करावी. दिवस गेलेले नसतील, आणि पाळी आलीच नाही, किंवा पूर्वी चार दिवस जायचे ते आता नुसते डाग लागते, किंवा दर महिन्याला ठरल्या वेळी पोटात कळा येतात पण बाहेर काही येत नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. भिंती चिकटल्याची ही खूण असू शकते. पिशवीत बारीक दुर्बीण घालून ते दिसते आणि त्याच दुर्बिणीतून सोडवताही येते. तळेगावचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा पुण्याचे ससून, अशा मोठ्या ठिकाणी त्याची चौकशी करावी.

किती दिवस थांबायचे, हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी सहा महिने थांबा असे सांगत. पुढे स्कॉटलंडमध्ये तीस हजारांवर बायकांची माहिती तपासली गेली आणि २०१० साली असे दिसले, की सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्या बायकांचेही चांगलेच झाले. तेव्हा एक पाळी नीट येऊन गेली, अंगात रक्त आहे, आणि तिचे मन तयार आहे, तर मुद्दाम सहा महिने मोजत बसण्याचे कारण नाही. आपल्याकडे अडते ते रक्तावर. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठ-नऊवर आले आहे, तिने आधी लोहाच्या गोळ्या घेऊन ते भरून काढावे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तर दिवस जाण्याच्या आधीपासूनच सुरू करावी, आशाताईंकडे विचारा. थांबायचे असेल तर साधने आहेत, आणि तीही आशाताईंकडे विचारता येतात. एक अपवाद: काढलेला भाग तपासल्यावर तो द्राक्षांच्या घोसासारखा वाढलेला गर्भ निघाला, ज्याला द्राक्षगर्भ म्हणतात, तर डॉक्टर सांगतील तितके महिने रक्ताची तपासणी करत थांबायचेच. म्हणून काढलेला भाग तपासायला पाठवला का, हे विचारून घ्यावे.

तसेच बाईचा रक्तगट. आपल्याकडे शंभरात पाचएक माणसांचे रक्त निगेटिव्ह असते. अशा बाईचा गर्भ पडला किंवा पिशवी रिकामी केली, तर ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचे इंजेक्शन द्यावे लागते. हे राहून गेले तर त्या वेळी काहीच कळत नाही; पुढच्या बाळाला मात्र त्रास होतो.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू, 'पिशवी साफ झाली, आता पटकन राहील.' लग्नाला दोन वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की पुष्कळ घरांत सुनेला नेऊन पिशवी धुवून आणतात. वर्षाने परत. जमिनीची मशागत करावी तसे. पण पिशवी मळत नाही, तिला धुवावे लागत नाही; दर महिन्याची पाळी ते काम करतेच. अस्तर ओरखडल्याने गर्भ धरतो का, हे पाच देशांत मिळून तेराशेहून अधिक बायकांवर तपासले गेले. त्या सगळ्या नळीतल्या बाळाचे उपचार घेत होत्या. २०१९ साली निकाल आला. ओरखडलेल्या गटात शंभरात २६ जणींना मूल झाले, न ओरखडलेल्यांतही २६. फायदा काहीच नाही. मूल होत नाही म्हणून कोणी नुसती पिशवी धुवायला सांगितली, तर 'कशासाठी' हे विचारल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही करू नका.

अस्तराचा तुकडा घेण्याचे एक कारण मात्र आपल्या देशात खरे आहे, आणि ते म्हणजे क्षय. छातीचा क्षय सर्वांना माहीत असतो; पण तो पिशवीला आणि नलिकांनाही होतो. खोकला नसतो, ताप नसतो, नुसती पाळी कमी होत जाते आणि मूल राहत नाही. तो तपासता येतो आणि सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते. घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. लग्न जमवताना लपवलेली ही गोष्ट पुढे तपासणीच्या वेळीही लपवली जाते आणि वर्षे वाया जातात.

आणि कारभारी, तुमची तपासणी झाली का? मूल न होणाऱ्या जोडप्यांत सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचा दोष, एकटा किंवा जोडीने, असतो. त्याची तपासणी म्हणजे बाटलीत वीर्य देणे. भूल नाही, चमचा नाही, आणि खर्च सुनेच्या एका सोनोग्राफीपेक्षा फार नाही. तरीही सुनेचे दोन वेळा क्युरेटिंग होते, कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस होतो, आणि मुलाची तपासणी राहते ती राहतेच. नवस जरूर करा. नवसाला जाताना तळेगावला उतरून ही तपासणीही उरका.

कायद्याचे दोन शब्द. नको असलेला गर्भ सुरक्षितपणे काढण्याचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. याउलट, मुलगी आहे म्हणून गर्भ काढणे हा गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. मुलाच्या हव्यासापायी चोरून तीन-तीन वेळा पिशवी रिकामी करवली, आणि मग मूलच राहिले नाही, तर त्याला नशीब म्हणता येणार नाही.

बाया हे सगळे बोलत नाहीत, ही खरी अडचण. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ती छापून आली. शंभरात ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. गप्प बसण्याची किंमत पुढे कशी चुकवावी लागते ते बीडमध्ये दिसले. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले, चौकशी समिती नेमली गेली, आणि दहा वर्षांत तेरा हजारांवर ऊसतोड बायकांची पिशवी काढल्याचे पुढे आले. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, अशा साध्या तक्रारीतून कित्येकींच्या बाबतीत मजल थेट पिशवी काढण्यापर्यंत गेली. क्युरेटिंग झालेल्या बाईलाही 'पिशवी खराब झाली, काढून टाका' असे कोणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय हलू नका.

दिवस पुन्हा गेले, की पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा, आणि पहिल्याच भेटीत सांगा: क्युरेटिंग झाले आहे, अमुक साली, इतके वेळा, अमुक कारणाने. हे लपवण्यात लाज राखली जात नाही, जीव धोक्यात जातो. कारण पूर्वी खरवडलेल्या पिशवीत वार कधी कधी खाली, तोंडापाशी धरते, किंवा बाळंतपणानंतर अडकून बसते. धारदार हत्याराने वरचेवर क्युरेटिंग झाले असेल तर बाळ अपुऱ्या दिवसांचे होण्याची शक्यताही थोडी वाढते. सोनोग्राफीत वारेची जागा कळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते, ती चुकवू नये. बहुतेक जणींचे बाळंतपण इतर बायकांसारखेच होते. पण ते घरी किंवा वाडीवर सुईणीच्या हातून होऊ नये, रुग्णालयातच व्हावे.

क्युरेटिंगचा दवाखान्याचा कागद, रक्तगटाची चिठ्ठी, तपासणीचा निकाल, सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवा. आपल्या घरांत जमिनीचे पन्नास वर्षांपूर्वीचे कागद सापडतात आणि सुनेचा गेल्या वर्षीचा कागद सापडत नाही. आंदर मावळाच्या टोकाला किंवा पवनेच्या पलीकडच्या वाडीवर राहणाऱ्यांनी, बाळंतपण पावसाळ्यात येत असेल, तर नववा महिना लागताच तिला कामशेत, वडगाव, तळेगाव अशा ठिकाणी नातलगाकडे आणून ठेवावे. ओढ्याला पाणी आले की १०८ ची गाडीही अलीकडेच थांबते. आणि निघताना ती कागदांची पिशवी तिच्या बोचक्यात सर्वांत वर ठेवावी.